मांडवात अडकलेली अमेरिकन गाडी

गाडीचं छत आपोआप उघडतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गाडीखाली होतो. वर काहीतरी कण्हलं, गाडीची मागची बाजू जराशी दबली आणि माझ्या कपाळावर तेलाचा थेंब पडला. गाडी अंगावर बसते आहे असं समजून मी लोळत बाहेर आलो. बघतो तर तात्या खिडकीतून आत हात घालून कसलंसं बटण दाबून उभे, आणि गाडीचं अख्खं डोकं घडी होत होत मागं चाललेलं. मी नकळत हात जोडले.

"नमस्कार कसला करतंस रे?" तात्या म्हणाले. "नीट बगून ठेव. बिघडलं की तुलाच करायचं हाय."

आयुष्याची बरीचशी वर्षं मी अशी उताणा पडून काढली. लोकांना वाटतं, मेकॅनिकचं काम गाडीशी असतं. गाडीशी फार थोडं असतं. गाडी बिचारी दुखतं तिथंच ओरडते. मालक मात्र दुखतं एकीकडे आणि दाखवतो भलतीकडे. एका वकिलांच्या गाडीत वळणावर 'टण्ण' असा आवाज यायचा. त्यासाठी मी पुढची दोन्ही चाकं उतरवली. शेवटी मागच्या सीटखाली त्यांच्या मातोश्रींचा तांब्या सापडला. "हा गाडीत कसा आला?" असं त्यांनी मलाच दरडावून विचारलं. मासळीच्या टेम्पोवाल्या एका शेटला ब्रेक लागत नाहीत याची तक्रार नव्हती. हॉर्न बारीक वाजतो, ही होती. अशी माणसं भेटत गेली म्हणून दिवस बरे गेले. पण चार मेकॅनिक जमले की मला जी हकीगत सांगायला लावतात, ती तात्यांच्या गाडीचीच.

मी मूळचा रत्नागिरीचा नव्हे. जतच्या पलीकडचा, कानडी मुलखाला टेकलेल्या गावचा. तिथं झाड दिसलं की माणूस लगेच सावलीला बसतो, कारण पुढचं झाड कधी येईल याचा भरवसा नाही. सातवीत असताना गणिताच्या मास्तरांनी आणि मी मिळून ठरवलं की माझं शिक्षण पुरे झालं. मग एका ट्रकवर क्लीनर लागलो. हा ट्रक माल घेऊन कोकणात उतरला आणि रत्नागिरीच्या अलीकडे त्यानं मान टाकली. ज्या गॅरेजात तो ओढून नेला, त्या गॅरेजच्या मालकाला सगळे 'चाचा' म्हणायचे. दुरुस्ती लांबत गेली, मी चाचांना पाने उचलून देत गेलो. ट्रक बरा होऊन निघून गेला. मी राहिलो. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती, मिसरूड फुटून जुनं झालं होतं, तरी मनातली धाकधूक काही गेलेली नव्हती. इथनं कुणी 'जा' म्हटलं तर कुठं जायचं, हा विचार मला आंघोळ करतानासुद्धा यायचा. या भीतीपायी मी प्रत्येक नट दोनदा आवळायचो. ग्राहकांना वाटायचं, काय काळजीचा माणूस आहे! काळजी होती खरी, पण गाडीची नव्हती.

राहायला मला चाचांनीच जागा बघून दिली होती. शहराच्या जरा बाहेर, खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत, तात्यांच्या घराच्या मागच्या पडवीत. तात्या जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. घर काकींचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात बांगडा वाढला आणि मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे बघत बसलो. काकींनी समोर बसून काटा काढून दाखवला. "असा. घाबरतंस काय? तो आता काय करणार तुला?" त्या दिवसापासून त्यांनी मला जेवल्याशिवाय झोपू दिलं नाही. माझ्या आईला पत्रात मी लिहायचो, इथं एक काकी आहेत. त्याउपर काय लिहावं ते सुचायचं नाही.

रेल्वे अजून यायची होती, ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती, तेव्हा तात्या दर्याची नोकरी संपवून कायमचे घरी आले. येताना लोक ट्रान्झिस्टर आणतात, साड्या आणतात. तात्यांनी मुंबईच्या एका लिलावातून उघड्या टपाची जुनी अमेरिकन गाडी आणली. पिस्त्याच्या रंगाची, लांबीला होडीएवढी. ती वाडीच्या वळणावर एका दमात वळायची नाही. पुढे, मागे, पुढे असं करत तिला घरापर्यंत आणताना निम्मी वाडी तिच्यामागनं चालत होती. काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "हिला ठेवणार कुठं?"

ठेवली मांडवात. कोकणात पावसाळा सरला की घरापुढच्या खळ्यावर, म्हणजे सारवलेल्या अंगणावर, पोफळीच्या खांबांचा मांडव घालतात. वर आडव्या पोफळी, त्यावर झावळ्या, सगळं काथ्यानं बांधलेलं. त्या गार सावलीत ती गाडी बसली आणि काकींचं वाळवण गेलं परसात.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. गाडीचं ते कापडी छत वर-खाली होतं ते तेलाच्या जोरावर. रंगपंचमीची पिचकारी डोळ्यांपुढे आणा. मागच्या सीटच्या दोन बाजूंना अशा दोन लोखंडी पिचकाऱ्या असतात. सीटच्या मागे एक मोटर आणि पंप. मोटर एका बाजूला फिरली की तेल पिचकारीच्या बुडात शिरतं, दांडा बाहेर येतो, छत पुढे येऊन मिटतं. उलटी फिरली की तेल वरच्या तोंडानं शिरतं, दांडा आत जातो, छत उघडतं. दोन्ही पिचकाऱ्या एकाच वेळी, एकाच चालीनं चालल्या पाहिजेत. नाहीतर छत वाकड्या मानेनं वर येतं. बस्स, एवढंच. चाचा हेच एका वाक्यात सांगायचे, "दाबलेला तेल म्हंजे शिकवलेला बैल. जिकडं दाबशील तिकडं जातो."

हा बैल माघातल्या थंडीत बिघडला. पहाटे तात्यांनी बटण दाबलं की मोटर घुं घुं करायची, छत वीतभर उचलायचं आणि थांबायचं. तात्या पडवीत येऊन मला उठवायचे. मी म्हणायचो, "गॅरेजला घेऊन चला." यावर ते खवळायचे. "जहाज आजारी पडलं तर डॉक्टरनं जहाजावर यायचं. मी तिला त्या भंगारात उभी करणार नाय." मग मी गॅरेजला जाऊन, चाचांच्या परवानगीनं हत्यारं घेऊन दुपारी घरी यायचो. तोवर गाडी मांडवाबाहेर उन्हात काढलेली असायची. तात्या ऐटीत बटण दाबायचे. छत झोकात मागे जायचं, झोकात पुढे यायचं. काही म्हणून झालेलं नसायचं.

"बरी झाली," मी म्हणायचो.

"तू हात लावायच्या आधीच?" तात्या विचारायचे.

असं सारखं व्हायला लागलं. सकाळी आजारी, दुपारी ठणठणीत. मी फ्यूज बदलले, वायरी तपासल्या, बॅटरीची टोकं घासली. चाचांनी गॅरेजात बसल्या बसल्या निदान केलं, "गाडी अमेरिकेची ना? तिकडं आता रात हाय. सकाळी तिला झोप येते." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी घरी येईपर्यंत त्याचा विचार केला.

त्याच दिवसांत घरात आणखी एक भानगड झाली. काकींकडे घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल तेल एका मोठ्या बरणीत असायचं. ते खाली जायला लागलं. स्वयंपाकाला लागावं त्याहून भराभर. आणि एका संध्याकाळी मी जेवायला बसलो तेव्हा काकी वाढता वाढता थांबल्या. त्यांनी माझ्या डोक्याजवळ नाक आणून वास घेतला.

"तेल लावलंस काय रे डोक्याला?"

"न्हाई ओ काकी."

"मग हा वास?"

मी शर्ट हुंगला. मला पेट्रोल, ग्रीस, डिझेल, रबर असल्या वासांपलीकडचं काही कळायचं नाही. मेकॅनिकचं नाक हे पहिलं मरतं. काकी पुन्हा वाढायला लागल्या. ताटात मासा नेहमीएवढाच होता. पण दुसऱ्या दिवशी बरणी वरच्या फळीवर गेलेली मी बघितली. त्या रात्री ताटातला मासा मी नुसता चिवडत बसलो. ज्यांनी काटा काढून खायला शिकवलं, त्यांना मी तेलचोर वाटतो! विचारायची सोय नव्हती. खुलासा करायला गेलो असतो तर अजून चोर दिसलो असतो. तात्या मात्र त्या विषयाला खूप मोकळेपणानं हसले. म्हणाले, "अगो, घाटावरचं पोरगं हाय. त्याला काय ठाऊक खोबरेल?"

मग शिमगा आला. त्या वर्षी लवकर आला होता. पहाटे अजून चादर सोडवत नव्हती.

रत्नागिरीकडच्या शिमग्यात ग्रामदेवी स्वतः पालखीत बसून घरोघरी येते. एरवी माणसं देवळात जातात. या दिवसांत देवी माणसांकडे येते. ढोल-ताशे वाजत असतात, गडी पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. मग ती खळ्यात मांडवाखाली विसावते. घरची बाई ओटी भरते आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. म्हणजे त्या घराच्या वतीनं देवीला मोठ्यानं मागणं मागतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. घरांचा क्रम ठरलेला असतो. तो कुणासाठी बदलत नाही. ज्या घरी सुतक असेल तिथं पालखी थांबत नाही, पुढच्या घरी जाते. खळं मोकळं नसेल तरी पुढेच जाते, आणि मग वर्षानंच येते.

काकींनी लग्न झाल्यापासून ती ओटी एकटीनं भरली होती. तात्या दरवर्षी शिमग्याला कुठल्या ना कुठल्या समुद्रावर. गुरवकाका गाऱ्हाण्यात दरवर्षी मागायचे, दर्यावर आहे त्याला सुखरूप आण. सगळी वाडी व्हय म्हणायची. काकी पदर डोळ्यांना लावायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या. हे मी स्वतः किती वेळा बघितलेलं. या वर्षी पहिल्यांदा जोडीनं ओटी भरायची होती. काकींनी त्यासाठी पेटीतलं लुगडं काढलं, दोन दिवस राबून खळं सारवलं. गाडीखालचं तेवढं राहिलं होतं. "सकाळी गाडी बाहेर काढा, तेवढा तुकडा मी हातासरशी सारवते," असं त्यांनी तात्यांना बजावून सांगितलं होतं.

सकाळी तात्या गाडी काढायला गेले. गाडी काढायला किल्ली लागते. बटण लागत नाही. पण आज सगळी वाडी येणार, मुंबईचे चाकरमानी येणार, तर गाडी उघड्या टपानं बाहेर निघावी असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी मांडवातच बटण दाबलं.

मी पडवीत तोंड धूत होतो. कर्र असा आवाज झाला आणि पाठोपाठ तात्यांची हाक आली. ती हाक समुद्रावरची होती. खाडीपलीकडच्या माणसांनीही ओ दिली असेल.

छत निम्मं उठलं होतं. निम्मं म्हणजे सरळ उभं, जांभई दिलेल्या मगरीसारखं. आणि त्याची पुढची लोखंडी पट्टी मांडवाच्या दोन आडव्या पोफळींच्या मधोमध घुसून, काथ्याच्या बांधणीत रुतून बसली होती. मोटर कण्हत होती. छत ना वर जात होतं ना खाली येत होतं. गाडी पुढे घ्यावी तर मांडव पुढे यायला बघायचा, मागे घ्यावी तर मागे. तात्यांनी दोन्ही करून बघितलं. मग इंजिन बंद पडलं, आणि ते चालू करायच्या आणि बटण दाबायच्या नादात बॅटरीही उतरली.

"पोफळी तोडूया," तात्या म्हणाले.

काकी शेणाची बादली घेऊन बाहेर आल्या होत्या. "आजच्या दिवशी मांडव तोडणार?" त्या हळूच म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "तोडा. मग पालखी कुठं बसवता? टपावर?"

लांबून ढोल ऐकू यायला लागला होता.

तात्या मळवाटेनं पळत गेले, गुरवकाकांना विनवायला, की आमचं घर शेवटी घ्या. गुरवकाका तात्यांच्या बरोबरीचे, एकाच शाळेतले. तात्या परतले ते तोंड पाडून. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतो, देवी तुझ्या जहाजाची कप्तान नाय, मी पण नाय. क्रम तो क्रम. आणि वर विचारतो, गाडीला सुतक आलंय काय?"

मी मागची सीट उपटून काढली आणि त्या खड्ड्यात उतरलो. डोकं काम करत नव्हतं, हात करत होते. मनाशी हिशोब सोपा होता. पिचकाऱ्यांच्या नळ्यांचे नट सैल केले की कोंडलेलं तेल बाहेर पडेल; तेल गेलं की बैलाचा जोर गेला; मग दोघांनी धरून छत होतं तसं पुढे मिटवायचं. पाना लावला. नट सुटला. आणि तेल काही आलंच नाही. दाबून बघितलं. नळीच्या तोंडातून पांढरं, घट्ट काहीतरी हळूच डोकावलं, टूथपेस्टच्या ट्यूबमधून यावं तसं.

 असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. पंपातलं रबर वितळलं असावं किंवा आतलं काहीतरी कुजलं असावं. गाडी गेली, असं मला वाटलं. तात्यांची गाडी माझ्या हातानं गेली, काकींची पालखी गेली आणि आता पडवीही जाणार.

"काय झालं रे?" काकी विचारत होत्या.

"काकी, गाडीतनं लोणी यायला लागलंय."

काकी वाकल्या. त्या पांढऱ्यात त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. चोळल्याबरोबर त्याचं पाणी झालं. काकींचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसली. त्या सावकाश वळल्या.

"अहो."

तात्या मांडवाच्या झावळ्या मोजत होते.

"अहो, इकडं बघा. हे माझं खोबरेल गाडीत कसं?"

"तेल कमी झालेलं त्यातलं," तात्या झावळ्यांना म्हणाले. "त्याचं ते खास तेल मुंबईलाच मिळतं. म्हटलं तोवर थोडं थोडं घालावं. घाण्याचं होतं. चांगल्यातलंच घातलं!"

कोकणातल्या घरात खोबरेल कशाला चालत नाही? दिव्याला चालतं, डोक्याला, भाजलेल्या बोटाला, करकरणाऱ्या दाराला, पाळण्याच्या कडीला चालतं. मग गाडीनं काय घोडं मारलंय, असं तात्यांना वाटलं असणार. फक्त एक गोष्ट ते विसरले. जन्म जहाजाच्या गरम इंजिनाशेजारी गेल्यावर ती आठवणारही कशी? थंडीत खोबरेल गोठतं. पहाटे ते नळ्यांमध्ये थिजून बसायचं, दुपारी उन्हानं पाझरायचं. आणि मी मूर्ख, करडईच्या तेलावर वाढलेला, त्या गाडीची रोज दुपारी नाडी बघायला जायचो!

(तेव्हापासून माझ्याकडे कुणीही गाडी घेऊन आलं की मी आधी एवढंच विचारतो, "तुम्ही स्वतः काय काय घातलंत?" लोक रागावतात. पण निम्म्या वेळा काहीतरी निघतं.)

काकी मात्र कामाला लागल्या होत्या. थिजलेल्या खोबरेलाचं काय करतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या हिवाळाभर बाटली गरम पाण्यात ठेवत आलेल्या. न्हाणीघरातल्या चुलीवरचा हंडा त्यांनी स्वतः उचलून आणला. तात्यांना त्यांनी फक्त हुकूम सोडला, "पंचे आणा. जुने नको, जाड बघून." आणि मग माझ्याकडे बघून, जरा थांबून म्हणाल्या, "आणि मी ह्या पोराला..." पुढचं वाक्य त्यांनी हंड्यात बुडवलं आणि पंचा पिळून माझ्या हातात दिला.

कढत पंचे मी पिचकाऱ्यांना गुंडाळत होतो, गार झाले की तात्या बदलून देत होते, काकी पाणी ओतत होत्या. वाफ, शेण, खोबरं असा घमघमाट सुटला. मला वाटलं, आता कुणी वेलची टाकली की खाली वड्या पडतील. ढोल शेजारच्या खळ्यात येऊन पोचला. शेजारी गाऱ्हाणं सुरू झालं, "व्हय म्हाराजा" ऐकू यायला लागलं. शेजारचं घर लहान. त्यांचं मागणंही थोडं असायचं.

"सुटतंय काय रे?" तात्या.

"हलतंय वाटतं."

"वाटतं काय मेल्या, बग नीट!"

तेवढ्यात नळीतून पिचकारी उडाली. आधी माझ्या तोंडावर, मग तात्यांच्या धुवट सदऱ्यावर. शिमगाच होता, नाही कसं म्हणावं? मी ओरडलो, "धरा!" तात्यांनी एका बाजूनं, मी आतून दोन्ही हात वर करून ती चौकट धरली आणि खाली दाबली. काथ्या ताडकन तुटला, पट्टी पोफळींतून निसटली आणि छताचा सगळा भार माझ्या हातांवर आला. आता तेल पाण्यासारखं वाहत होतं. बैलाला वेसण उरली नव्हती. सोडलं असतं तर ते लोखंड धाडकन पुढच्या काचेवर आदळलं असतं. अशी काच साऱ्या मुलखात दुसरी नव्हती.

"तसंच धर!" तात्या म्हणाले आणि स्टिअरिंगला जाऊन बसले.

पण गाडी ढकलणार कोण? तेव्हा पालखी खळ्याच्या पायरीशी आली. पुढे गुरवकाका. त्यांनी मांडवात नजर टाकली. लुगडं खोचून, हातात रिकामा हंडा घेऊन उभ्या काकी, चालकाच्या जागी तेलानं निथळणारे तात्या, आणि मागच्या खड्ड्यात छत डोक्यावर तोलून उभा मी. ढोल आपोआप बंद पडला.

"काय रे दत्तू," गुरवकाका म्हणाले, "पालखी घेऊ की पुढं जाऊ?"

तात्यांनी काकींकडे बघितलं. काकी पुढे झाल्या. त्यांनी हंडा खाली ठेवला, पदर नीट केला आणि एवढंच म्हणाल्या, "काका, ह्या वर्षी ते घरी हायत."

गुरवकाकांनी क्षणभर पायाखाली बघितलं. मग मागे वळून ओरडले, "बगता काय रे? पालखी थांबत नाय, पण माणसं हात लावू शकतात की! चला!"

पालखी भोयांच्या खांद्यावर पायरीशी नाचत राहिली आणि बाकी सगळी वाडी गाडीला भिडली. चाकरमानी आपल्या पांढऱ्या पँटींसकट. ढोलवाल्यानं ढकलण्याचा ठेका धरला. गाडी मागे सरकत मांडवातून निघाली आणि खळ्याच्या कडेला माडाजवळ जाऊन उभी राहिली. तात्या दार उघडून पळाले. मी ओरडून विचारलं, "तात्या, माझं काय?" ते पळता पळता म्हणाले, "आलोच! सोडू नको!"

काकींनी गाडीखालचा तो राहिलेला तुकडा खरोखरच हातासरशी सारवला. ओल्या सारवणावर पाट ठेवला आणि पालखी विसावली. तात्यांना सदरा बदलायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. तसेच तेलकट हात काकींच्या हाताला लावून त्यांनी ओटी भरली. नारळ त्यांच्या हातातून दोनदा निसटला. काकी या खेपेला चहा टाकायला आत गेल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या, तात्यांच्या शेजारी.

गुरवकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "गे आये, दर्यावरचा तुजा लेक घरी आणलास, तसा तेला घरी टिकव."

"व्हय म्हाराजा!"

"तेची काय गाडी हाय, तिला चांगल्या वाटंनं ने. आन तेला बटनापास्न लांब ठेव."

"व्हय म्हाराजा!" यात काकींचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मग काकी वाकून गुरवकाकांच्या कानाशी काही बोलल्या. त्यांनी मान वळवून माडाकडे बघितलं. दोन्ही हात वर करून, तोंडावरून तेल ओघळत, मी गाडीत उभा होतो.

"आन गे आये, हा जो घाटावरनं आलेला बिरू, तो ह्याच घरचा हाय. तेची आई तिकडं लांब हाय, तिला सुखी ठेव. तेच्या हाताला यश दे. तेला हितनं कोनाला हलवू देऊ नको."

हे शेवटचं काकींनी सांगितलं होतं की गुरवकाकांनी पदरचं घातलं, ते मी कधी विचारलं नाही. मला हात जोडायचे होते. पण हात सोडले असते तर काच गेली असती. मग जे मोकळं होतं त्याचाच उपयोग केला. बाकीच्यांनी तोंड उघडायच्या आधीच, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा, मी एकटाच ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

खळ्यात हशा पिकला. पालखीचे भोईसुद्धा हसले. गुरवकाकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "तू नको रे म्हनू. तुज्यासाठी आम्ही म्हनतंव ना."

आणि मग ते सगळे म्हणाले.